पाणी तर भरपूर पीत होते, मग सोडियम उतरलं कसं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, आमचे बाबा ६७ वर्षांचे. अकोला जिल्ह्यात शेती आहे, सगळं आयुष्य उन्हातच गेलं. यंदा फेब्रुवारीपासून ते माझ्याकडे पुण्याला होते. एप्रिलमध्ये बीपी वाढलेलं निघालं म्हणून इथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. त्या गोळीत लघवीची गोळीही मिसळलेली आहे, हे आम्हाला नंतर कळलं. मेच्या सुरुवातीला बाबा गावी परतले आणि दुसऱ्याच दिवसापासून शेतात. पारा ४४ च्या वर. चक्कर येते म्हणाले, तर आम्हीच फोनवर सांगितलं, पाणी वाढवा. ते रोज सहा-सात लिटर साधं पाणी पीत होते. बीपीसाठी आईने त्यांचं जेवण अगदी अळणी केलं होतं. पुढे भूकच गेली म्हणून नुसती पेज आणि टरबूज. नवव्या दिवशी उलट्या झाल्या, बाबा बरळायला लागले, आईला ओळखेनात. दवाखान्यात सोडियम ११६ निघालं. रोज पाच-सहाच वाढायचं, आमचा जीव टांगणीला. आता घरी आहेत, पण पाण्याच्या तांब्याला हात लावायला भितात. आणि आई सारखी म्हणते, मीच मीठ बंद केलं, माझ्यामुळे झालं. एवढं पाणी पिऊन माणसाचं असं कसं होतं? आता आम्ही काय करायचं? आईने विचारलंय, ताकात मीठ घालू का?

एक मुलगी, पुणे

उत्तर

ताई,

आधी आईंसाठी. बीपीच्या माणसाचं मीठ कमी करा, हे आम्ही सगळेच डॉक्टर सांगतो, मीही रोज सांगते. त्यांनी ऐकलं आणि मनापासून पाळलं. बाबांच्या अंगातलं मिठाचं गणित तीन बाजूंनी एकाच आठवड्यात बिघडलं. स्वयंपाकघर ही त्यातली एक बाजू, आणि एकट्या तिच्याने एवढं झालंच नसतं. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. सोडियम ११६ म्हणजे काय, इथून सुरुवात करू. वरणात दोन वाट्या पाणी जास्त पडलं तर वरण अळणी लागतं. मीठ तेवढंच असतं, पाणी वाढलेलं असतं. रक्ताचंही तसंच. रिपोर्टवर नॉर्मल म्हणून छापलेलं १३५ ते १४५ हे एक लिटर रक्तद्रवात मिठातलं सोडियम किती, याचं माप आहे. अंगात एकूण मीठ किती, हे त्यावरून कळत नाही. बाबांचं मीठ थोडं कमी झालं होतं हे खरं, पण त्यांचं रक्त मुख्यतः पातळ झालं होतं. पाणी आत येत होतं आणि बाहेर पडायचा रस्ता बंद होत चालला होता.

रस्ता बंद का झाला, ते सांगते. यात कुठलाही अवयव नापास झालेला नाही. बाबांची कातडी, हृदय, मेंदू, मूत्रपिंडं, सगळी आपापलं काम नेटाने करत होती आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी धावत होता.

मेमधलं शेत डोळ्यासमोर आणा. हवा अंगापेक्षा गरम, म्हणजे वाऱ्याने अंग निवण्याऐवजी तापतच जाणार. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायला एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम कातडीवर वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणात घाम टपकतो आणि वाया जातो, दमट हवेत तो वाळतच नाही. आपल्या विदर्भात उलट. कोरड्या हवेत तो फुटल्या फुटल्या वाळतो, म्हणून माणसाला वाटतं की मला घाम येतच नाही. बाबांचा त्या दिवसांतला एखादा गडद रंगाचा सदरा आईंनी धुवायच्या आधी पाहिला असेल तर विचारा. पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या कडांचे डाग उमटलेले असतात. ते मीठ. एका लिटर घामातून एक ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत मीठ जातं. बीपी असो वा नसो, मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे शेतात दोन-तीन तासांत एका दिवसाचा कोटा जाऊ शकतो.

घाम पुरवायचा तर कातडीला रक्त हवं. म्हणून उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि हृदय जोरात चालतं. तेच रक्त आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्याचं कमी होतं. माणूस उकिडव्याचा एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत रक्ताचा दाब जोखणारे मज्जातंतू असतात. ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाची गती वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. हे सगळं दोन-चार सेकंदांत. पण वाहिन्या उन्हाने सैल झालेल्या, त्यावर बीपीची गोळी, त्यावर रक्तातलंच पाणी कमी. मग भोवळ येते. बाबांची पहिली चक्कर ही होती, आणि त्या वेळी त्यांना सावली, विसावा, पाणी आणि मीठ, चारही हवं होतं. तुम्ही त्यातलं पाणी सांगितलंत. फोनवरून कोणीही तेच सांगितलं असतं.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण सगळं उत्तर इथे आहे.

आपल्या मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, बोराएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवणं त्याच्याकडे, आणि रक्त किती दाट किती पातळ हे पाहणंही त्याच्याकडेच. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं तरी त्याला कळतं. तो तहान लावतो आणि एडीएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी धरून ठेवा. रक्त पातळ झालं की हे संप्रेरक थांबतं आणि जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात, यावरून त्यांच्या हातात केवढी सोय आहे ते कळेल. धडधाकट माणूस तासाला पाऊण ते एक लिटर जास्तीचं पाणी सहज बाहेर टाकू शकतो.

पण मेंदूला दुसरीकडूनही निरोप येत असतो, त्या दाब जोखणाऱ्या मज्जातंतूंकडून. बाबांच्या बाबतीत हे दोन निरोप एकमेकांविरुद्ध आले. एक म्हणत होता, रक्त पातळ झालंय, पाणी सोडा. दुसरा म्हणत होता, रक्त कमी पडतंय, दाब घसरतोय, पाणी धरा. अशा पेचात शरीर रक्ताचा दाब आधी वाचवतं. त्याचं बरोबरच आहे. दाब पडला तर माणूस मिनिटांत जातो, रक्त पातळ झालं तर निस्तरायला थोडा वेळ तरी मिळतो. म्हणून एडीएच चालूच राहिलं. मूत्रपिंडांनीही आपल्याकडून रेनिन सोडलं, त्यातून मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींनी अल्डोस्टेरॉन सोडलं, म्हणजे मीठ वाचवायचा हुकूम. बाबांचं शरीर मीठ वाचवण्यासाठी धडपडत होतं.

आणि नेमकी तिथे गोळी आडवी आली. लघवीची गोळी वाईट नाही, बीपीसाठी ती फार उपयोगी आहे. मीही ती अनेकांना देते आणि पुढेही देईन. पण तिच्यातला जो प्रकार बीपीच्या एकत्र गोळ्यांमध्ये जास्त वापरला जातो, तो मूत्रपिंडातल्या नळीच्या बरोबर त्या भागात काम करतो, जिथे मीठ परत ओढून घेऊन लघवी पातळ केली जाते. तिथे मीठ परत घेणं अडलं की दोन गोष्टी होतात. मीठ लघवीवाटे जातं, आणि नुसतं पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. म्हातारपणी, अंगाने बारीक असलेल्यांना, गोळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा त्रास जास्त दिसतो. तुमच्या बाबांचा महिना तोच होता.

पेजेचंही सांगते, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. प्रत्येक लिटरबरोबर थोडं मीठ, थोडा युरिया जावाच लागतो. युरिया येतो डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांतून. अळणी पेज आणि टरबूज यांत मीठही नाही आणि प्रथिनंही नावापुरतीच. म्हणजे पाणी वाहून न्यायला सोबतीच उरला नाही. एखादा माणूस खात काही नाही आणि पाणी मात्र पितोय, असं घरात दिसलं की ते लक्षात घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर नक्कीच.

तर घामाने मीठ नेलं, गोळीने मीठ नेलं, ताटातून मीठ आलं नाही, आणि वरून रोज सहा-सात लिटर पाणी. पातळ रक्तातलं पाणी मग जिथे विरघळलेले क्षार तुलनेने जास्त तिथे शिरतं, म्हणजे पेशींच्या आत. हातापायांच्या पेशी थोड्या फुगल्या तरी निभतं. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. मळमळ, डोकं दुखणं, तोल जाणं, बरळणं, माणसं न ओळखणं, पुढे झटके, हे सगळं त्यातून येतं.

रोज पाच-सहाच वाढत होतं म्हणून तुमचा जीव टांगणीला लागला होता. ताई, तिथल्या डॉक्टरांनी ते मुद्दाम केलं आणि अगदी योग्य केलं. फुगू नये म्हणून मेंदूच्या पेशींनी त्या आठ दिवसांत आपल्या आतलेच काही क्षार आणि इतर द्रव्यं बाहेर टाकून जुळवून घेतलं होतं. अशा वेळी बाहेरचं सोडियम झपाट्याने चढवलं तर पाणी एकदम पेशींतून बाहेर खेचलं जातं आणि मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम. आयसीयूबाहेर बसलेल्या माणसांना हे कोणी दोन मिनिटं थांबून सांगायला हवं होतं. ते राहून जातं, आमच्या सगळ्यांकडूनच, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आयुष्यभर उन्हात काम केलेल्या माणसाला आताच का, असंही तुमच्या मनात आलं असणार. उन्हाची सवय दरवर्षी नव्याने लागते. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात राहिलं की घाम लवकर सुटतो, रक्तातलं पाणी वाढतं आणि अल्डोस्टेरॉनमुळे घामग्रंथी घामातलं मीठ परत ओढायला शिकतात. मग घाम भरपूर येतो, पण कमी खारट. ही सवय काही आठवड्यांत मोडते. इतर वर्षी बाबा मार्च-एप्रिलमध्ये शेतातच असायचे, ऊन वाढत जायचं तसे तेही तयार होत जायचे. यंदा ते महिने पुण्याच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली गेले आणि मग थेट ४४ अंशांत. त्यात वयाप्रमाणे तहान उशिरा लागते आणि मूत्रपिंडांची चपळाई कमी होते.

आता काय करायचं ते.

सगळ्यात आधी घरातला औषधांचा डबा उपडा करा. डॉक्टरांनी बंद केलेल्या गोळ्यांची उरलेली पाकिटं कुठेतरी असतील, ती काढून टाका. डिस्चार्ज कार्डावर बीपीची कोणती गोळी चालू आणि कोणती बंद हे स्पष्ट नसेल तर दवाखान्यात जाऊन लिहून आणा. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद किंवा चालू करू नका, बीपी मोकाट सुटणं हाही तितकाच मोठा धोका आहे. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा, 'लघवीच्या गोळीने सोडियम ११६ झालं होतं', गोळीचं नाव आणि तारीख घालून. गावातला, पुण्यातला, डोळ्यांचा, दातांचा, कोणताही डॉक्टर असो, ते पान आधी दाखवायचं. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) आठवड्याभरात पुन्हा करा, पुढे डॉक्टर सांगतील तसं. पुढच्या वर्षी होळीनंतर एकदा, आणि बीपीची गोळी बदलली तर दोन आठवड्यांत एकदा, हे न विसरता.

पाणी. बाबांची भीती मी समजू शकते, पण पाणी बंद करणं म्हणजे पुन्हा तोच खेळ उलट बाजूने. सध्या दिवसाला एकूण किती प्यायचं हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या आणि तेवढं पाणी सकाळी मापून भरून ठेवा. घरात वजनकाटा असेल तर बाबांनी रोज सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर वजन करावं आणि कॅलेंडरवर लिहावं. एका दिवसात एक किलो उतरलं तर ते एक लिटर पाणी आहे, चरबी नव्हे. एक-दोन दिवसांत किलोभर वाढलं आणि मळमळही असेल तर पाणी साचतंय. लघवीच्या रंगावरून पाणी ओळखा असं सगळीकडे सांगतात. लघवीची गोळी चालू असेल तर तो रंग फसवतो, त्याच्यावर विसंबू नका.

शेतात जायचंच असेल, आणि ते जाणारच हे मला ठाऊक आहे, तर पहाटे जाऊन दहाच्या आत परत, नाहीतर पाचनंतर. पहिल्या दिवशी तासभरच, मग रोज थोडं थोडं वाढवत दोन आठवड्यांनी नेहमीसारखं. यंदाचा मे मात्र सोडून द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. जमीन थोडी उशिरा तयार झाली तरी चालेल.

ओआरएसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. छावणीतले मृत्यू झपाट्याने घटले. आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढतात, हे त्यामागचं तत्त्व. आपल्या कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतात, ते याच जातीचं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, पेल्यात नाही. पण बाबांसाठी ते रोजचं सरबत नाही. जुलाब झाले किंवा बराच घाम गेला तर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आणि उतरलेलं सोडियम घरी ओआरएस पाजून चढवायला जाऊ नका, कारण त्यातलं मीठ रक्तापेक्षा पातळच असतं.

पुन्हा कधी बाबा बोलताना अडखळले, चालताना झोकांडी गेली, उगाच चिडचिड करायला लागले, मळमळ थांबेना, तर उद्या पाहू म्हणू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. बरळणं, गुंगी किंवा झटके असतील तर १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. अंग चटका बसण्याइतकं तापलं असेल तर सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडा आणि वारा घाला. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही.

आता आईंचं ताक. घालू द्या मीठ. डॉक्टरांनी दिवसाचं मीठ ठरवून दिलं असेल, साधारण एक सपाट चहाचा चमचा म्हणजे पाच ग्रॅम, तर सकाळी तेवढं एका वाटीत काढून ठेवायला सांगा. बाबांची भाजी, वरण, भाकरी आणि दुपारचं ताक, सगळं त्या वाटीतून. वाटी संध्याकाळी रिकामी झाली पाहिजे, उरायला नको आणि पुन्हा भरायला नको. लोणचं-पापड त्या वाटीच्या हिशेबात धरायचं. वरण आता घट्ट करा, पेज बंद. पहिला ताकाचा पेला आईंनी स्वतः बाबांच्या हातात द्यावा आणि समोर बसून प्यायला लावावा. आठवड्याने सोडियम किती आलं, ते मला कळवा.